शास्त्रज्ञाने स्वतः लिहिलेली शोधकथा कशी वाचावी : ‘द डबल हेलिक्स’ हाताशी घेऊन

एखाद्या मोठ्या शोधाची हकीकत तो लावणाऱ्या शास्त्रज्ञाच्याच तोंडून ऐकायची संधी वाचकाला क्वचित मिळते आणि मिळते तेव्हा ती सहज वायाही जाते. असे पुस्तक हातात घेणारा नवा वाचक एकतर विज्ञान कळणार नाही या धास्तीने विसाव्या पानावर ते मिटून ठेवतो, नाहीतर लेखक नोबेल पारितोषिकाचा मानकरी आहे म्हटल्यावर त्याचे प्रत्येक वाक्य इतिहास म्हणून स्वीकारतो. दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ग्रंथालयातून पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलेले, डीएनएच्या रचनेच्या शोधाची हकीकत सांगणारे जेम्स वॉटसन यांचे ‘द डबल हेलिक्स’ मी दोन रात्रींत वाचून संपवले आणि त्याच काळी डीएनएवर क्ष-किरणांनी संशोधन करणारी रोझालिंड फ्रँकलिन ही कोणी चिडखोर, हेकेखोर बाई होती अशी पक्की समजूत करून घेऊन ते परत केले. ती समजूत जायला पुढे बरीच वर्षे लागली. ज्यांना हे पुस्तक, किंवा या जातीचे कोणतेही पुस्तक, पहिल्यांदाच वाचायचे आहे त्यांच्यासाठी, मी तेव्हा काय करायला हवे होते ते क्रमाने मांडत आहे.

माझे म्हणणे असे की शास्त्रज्ञाची शोधकथा साक्षीदाराच्या जबानीसारखी वाचावी. साक्षीदार खोटे बोलतो असे गृहीत धरण्याचे कारण नसते, पण निकाल देण्याचा अधिकारही त्याला नसतो. जबानीचा कोणता भाग अधिक भरवशाचा धरावा याची एक जुनी कसोटी आहे: जे सांगितल्याने सांगणाऱ्याचीच बाजू लंगडी पडते, ते बहुधा खरे असते. ‘द डबल हेलिक्स’ला ही कसोटी लावली की पुस्तकाचे मोल कमी न होता वाढते, असा माझा अनुभव आहे.

पुस्तक उघडण्यापूर्वी

विज्ञानाची तयारी फार लागत नाही. शाळेच्या पुस्तकात आपण जिला द्विसर्पिल रचना म्हणून शिकलो, ती ठाऊक होण्यापूर्वी, म्हणजे १९५१ साली, जगाला काय माहीत होते तेवढे समजून घेतले की पुरते. डीएनए हा लांबलचक साखळीसारखा रेणू आहे, शर्करा आणि फॉस्फेट यांचा मिळून त्याचा कणा बनतो आणि त्या कण्याला ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन असे चार प्रकारचे बेस जोडलेले असतात, हे रसायनशास्त्रज्ञांना कळलेले होते. कळलेल्या नव्हत्या त्या तीन गोष्टी: एका रेणूत साखळ्या किती असतात, फॉस्फेटचा कणा आतल्या बाजूला असतो की बाहेरच्या, आणि बेस एकमेकांशी कसे जुळतात. हे तीन प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठीच पुस्तकात खूण म्हणून ठेवावी. प्रत्येक प्रकरण संपल्यावर यांपैकी कोणता प्रश्न पुढे सरकला आणि कोणता उलट मागे गेला, एवढे पाहिले तरी कथेतले विज्ञान हातातून निसटत नाही.

याखेरीज क्ष-किरण विवर्तनाची जुजबी कल्पना असावी. डीएनएचा बारीक तंतू ओढून त्याच्यातून क्ष-किरण सोडले की पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांचा आणि पट्ट्यांचा एक आकृतिबंध उमटतो. ते रेणूचे छायाचित्र नसते. रेणूतल्या अणूंची मांडणी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे किरण कसे विखुरले याची ती नोंद असते आणि तिच्यावरून मांडणी कशी असेल हे गणिताने शोधावे लागते. रेणू सर्पिल असेल तर मधोमध फुलीसारखा आकार दिसतो. डीएनएची दोन रूपे आहेत, कोरडे ते ‘ए’ आणि ओलसर ते ‘बी’, आणि फुली स्पष्ट दिसते ती ‘बी’ रूपात. ही ए-बीची गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढे एका माणसाला न्याय मिळणे न मिळणे तिच्यावर अवलंबून आहे.

पहिली पायरी : आरंभीची पाने आणि सालांचा हिशेब

प्रस्तावना टाळून थेट पहिल्या प्रकरणाकडे धावण्याची आपली सवय या पुस्तकापुरती तरी सोडावी. सर लॉरेन्स ब्रॅग हे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे त्या वेळचे प्रमुख. पुस्तकाचा पुरस्कार, म्हणजे आरंभीचे दोन शब्द, त्यांनी लिहिला आहे आणि त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की ज्यांचा उल्लेख पुस्तकात आला आहे त्यांनी ते मोठ्या क्षमाशील वृत्तीने वाचावे. पुरस्कार लिहिणाऱ्याला अशी विनवणी करावी लागते तेव्हा वाचकाने सावध व्हावे. त्यानंतर वॉटसन यांची स्वतःची प्रस्तावना येते. पुढे कळलेल्या गोष्टी लक्षात घेऊन केलेले मूल्यमापन आपण देत नसून त्या काळी आपल्याला घटना आणि माणसे जशी वाटली तशी ती पुन्हा उभी करीत आहोत, असे ते तीत सांगतात. हा लेखकाने वाचकाशी केलेला करार आहे. तो न वाचता पुढे गेलेला वाचक वॉटसन यांच्या त्या काळच्या ग्रहांनाच वस्तुस्थिती समजून बसतो, जसा मी बसलो.

आता आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काही साले लिहावीत. घटना १९५१ ते १९५३ या काळातल्या आहेत. वॉटसन यांचा जन्म १९२८ चा, म्हणजे केंब्रिजला आले तेव्हा ते २३ वर्षांचे होते. तिथले त्यांचे सहकारी फ्रान्सिस क्रिक त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे, पण त्यांची पीएच.डी. अजून व्हायची होती. पुस्तक प्रसिद्ध झाले १९६८ मध्ये, म्हणजे घटनांनंतर पंधरा वर्षांनी, आणि तोवर १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक व लंडनच्या किंग्ज कॉलेजात फ्रँकलिन यांच्याबरोबरच डीएनएवर काम करणारे मॉरिस विल्किन्स या तिघांना मिळून गेले होते. आणि रोझालिंड फ्रँकलिन १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, कर्करोगाने वारल्या होत्या. ही सर्व साले एकाखाली एक लिहिल्यावर जे दिसते ते माझ्या मते पुस्तक वाचण्यापूर्वीच दिसायला हवे: ज्या व्यक्तीवर या पुस्तकात सर्वांत जास्त टीका आहे, तिला उत्तर देण्याची संधी मिळाली नाही. हयात असलेल्यांनी मात्र उत्तर दिले. क्रिक आणि विल्किन्स या दोघांनी हस्तलिखिताला इतका कडक विरोध केला की हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेला स्वीकारलेले पुस्तक सोडून द्यावे लागले आणि ते दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले.

दुसरी पायरी : एकदा सलग, न थांबता

पहिले वाचन वेगाने करावे. प्रकरणे २९ आहेत, बहुतेक छोटी आहेत आणि शेवटी एक उपसंहार आहे. रोज तासभर दिला तर आठवड्याच्या आत पुस्तक संपते. एखादी रासायनिक संज्ञा अडली तर कडेला पेन्सिलीचे टिंब देऊन पुढे जावे, शब्दकोश उघडू नये. केंब्रिजमधली जेवणावळ, रात्री बंद होणारी कॉलेजची फाटके, मेजवान्या आणि टेनिस यांचे तपशील आपल्याला परके वाटतात, पण ते गाळू नयेत, कारण माणसे एकमेकांना कुठे भेटत होती आणि कोणाची माहिती कोणाकडे कशी पोचत होती हे त्यांतूनच समजते. या शोधाच्या कथेत जेवणाचे टेबल हे प्रयोगशाळेइतकेच महत्त्वाचे ठिकाण आहे.

तिसरी पायरी : पाहिले, ऐकले, वाटले

दुसऱ्या वाचनाला वही घ्यावी. लेखकाचे प्रत्येक महत्त्वाचे विधान तीन रकान्यांपैकी एकात टाकायचे: जे त्याने स्वतः केले वा डोळ्यांनी पाहिले ते पहिल्या, जे दुसऱ्याकडून ऐकले ते दुसऱ्या आणि जे त्याला दुसऱ्याच्या मनाविषयी वाटले ते तिसऱ्या रकान्यात. काम कंटाळवाणे वाटेल, म्हणून सगळ्या पुस्तकाला न करता तीन-चार प्रकरणांनाच करावे. त्यांतले एक प्रकरण कोणते घ्यावे याबद्दल मला शंका नाही. ३० जानेवारी १९५३ या दिवशी वॉटसन लंडनच्या किंग्ज कॉलेजला गेले, ते प्रकरण.

त्या दिवशी वॉटसन यांच्याजवळ अमेरिकेतले नामवंत रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या निबंधाचे हस्तलिखित होते. पॉलिंग यांनी डीएनएची तीन साखळ्यांची रचना सुचवली होती आणि तीत रसायनशास्त्राची प्राथमिक चूक होती. वॉटसन आधी फ्रँकलिन यांच्या खोलीत शिरले, वाद झाला, आणि त्या आपल्या अंगावर धावून येत आहेत, आता मारतील, असे वॉटसन यांना वाटले. वादाचे शब्द पहिल्या रकान्यात जातील. मार बसणार होता ही गोष्ट मात्र तिसऱ्या रकान्याची आहे, आणि गंमत अशी की वाचकाच्या मनात वर्षानुवर्षे टिकते ते नेमके हेच तिसऱ्या रकान्यातले चित्र. माझ्याही मनात तेच टिकले होते. त्यानंतर विल्किन्स यांनी वॉटसन यांना ‘बी’ रूपाचे एक क्ष-किरण छायाचित्र दाखवले. हेच पुढे ‘छायाचित्र क्रमांक ५१’ म्हणून प्रसिद्ध झाले. फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग या संशोधक विद्यार्थ्याबरोबर मे १९५२ मध्ये ते काढलेले होते. फ्रँकलिन किंग्ज सोडून बर्कबेक कॉलेजात जाण्याच्या तयारीत असताना ते विल्किन्स यांच्या हाती आले होते, आणि ते दाखवण्यापूर्वी फ्रँकलिन यांना कोणी विचारले नाही. छायाचित्र पाहताच आपली छाती धडधडू लागली, परतीच्या गाडीत वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला आपण ती आकृती आठवून काढली आणि सायकलवरून कॉलेजला पोचेपर्यंत दोन साखळ्यांची प्रतिकृती करायचे नक्की केले, असे वॉटसन सांगतात.

इथे कसोटी लावून पाहावी. दुसऱ्याचे अप्रकाशित छायाचित्र त्याच्या नकळत पाहिले आणि त्याचा उपयोग करून घेतला, ही कबुली लेखकाच्या फायद्याची नाही. ती त्याने मोकळेपणाने दिली आहे, म्हणून ती भरवशाची. फ्रँकलिन यांच्या स्वभावाचे वर्णन मात्र कबुलीची बोच कमी करणारे आहे. त्या इतक्या आडमुठ्या होत्या की त्यांना न विचारता पुढे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे वाचकाला आपोआप वाटू लागते. म्हणून तो भाग राखूनच घ्यावा. पुस्तकभर त्यांचा उल्लेख ‘रोझी’ असा येतो. त्यांना तोंडावर या नावाने कोणी हाक मारत नसे. ‘फ्रँकलिनबाईंनी सांगितले’ आणि ‘रोझी म्हणाली’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे हे मराठी कानाला समजावून सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर तपासावी. छायाचित्राचा प्रसंग इतका नाट्यमय आहे की सारा शोध त्या एका क्षणातून निघाला असा वाचकाचा ग्रह होतो. प्रत्यक्षात फुलीवरून सर्पिलाची खात्री पटली, पण साखळ्या कोणत्या दिशांनी जातात हे त्यातून कळण्यासारखे नव्हते. ते कळले दुसऱ्याच कागदातून. किंग्जमधल्या कामाचा एक अहवाल डिसेंबर १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी तयार झाला होता, आणि त्यात फ्रँकलिन यांनी केलेली मोजमापे होती. कॅव्हेंडिशमधले सहकारी मॅक्स पेरुट्झ यांच्याकडून तो फेब्रुवारी १९५३ मध्ये क्रिक यांच्या हाती आला. त्यातल्या स्फटिकाच्या सममितीचा अर्थ क्रिक यांना लगेच उमगला, कारण ते स्वतः ज्या हिमोग्लोबिनवर काम करीत होते त्याच्या स्फटिकाची सममिती त्याच प्रकारची होती: दोन साखळ्या एकमेकींच्या उलट दिशांनी धावत असल्या पाहिजेत. फ्रँकलिन यांनी आपली माहिती आम्हाला थेट दिली नव्हती आणि ती आमच्याकडे आहे हे किंग्जमध्ये कोणाला ठाऊक नव्हते, हेही वॉटसन लिहितात. परंतु छायाचित्राला मिळालेल्या जागेच्या मानाने या अहवालाला पुस्तकात फारच थोडी जागा आहे. कथाकार प्रसंगांना जागा देतो ती त्यांच्यातल्या नाट्याप्रमाणे, शोधातल्या वजनाप्रमाणे देईलच असे नाही. ही गोष्ट वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे.

याच्या जोडीला नोव्हेंबर १९५१ चा प्रसंगही घ्यावा. फ्रँकलिन यांचे व्याख्यान वॉटसन यांनी टिपणे न घेता ऐकले, डीएनएमधल्या पाण्याचे प्रमाण चुकीचे लक्षात ठेवले आणि त्या चुकीच्या आधारावर त्यांनी व क्रिक यांनी कणा आत असलेली तीन साखळ्यांची प्रतिकृती उभी केली. ती पाहायला आलेल्या फ्रँकलिन यांनी ती तिथल्या तिथे मोडीत काढली, आणि ब्रॅग यांनी दोघांना डीएनएचे काम थांबवायला सांगितले. हे सारे वॉटसन यांनी लपवलेले नाही. चिठ्ठीवरचा दुसरा प्रश्न, कणा आत की बाहेर, याचे बरोबर उत्तर त्या खोलीत कोणाकडे होते हे वाचकाने स्वतःच पाहावे.

चौथी पायरी : पुठ्ठा आणि कात्री

ही पायरी पुष्कळांना पोरकट वाटते, पण माझ्या घरी जमणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मी ती दरवर्षी करवून घेतो, कारण पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग तिच्याशिवाय समजत नाही. बेसच्या धातूच्या पट्ट्या कार्यशाळेतून तयार होऊन येत नव्हत्या म्हणून वॉटसन यांनी जाड पुठ्ठ्याचे आकार कापले आणि २८ फेब्रुवारी १९५३ च्या शनिवारी सकाळी टेबल मोकळे करून ते आकार एकमेकांशी जुळवून पाहायला सुरुवात केली. आपणही तेच करावे. लग्नपत्रिकेचा जाड कागद चालतो.

ॲडेनिन आणि ग्वानिन हे मोठे बेस: एक षटकोन आणि त्याला चिकटलेला पंचकोन. थायमिन आणि सायटोसिन लहान: नुसता षटकोन. चारही आकार कापून जुळणाऱ्या कडेवर वरून खाली खुणा कराव्यात. हायड्रोजन देणाऱ्या जागेला ‘दे’ आणि घेणाऱ्या जागेला ‘घे’. ॲडेनिनवर दे, घे. थायमिनवर घे, दे. ग्वानिनवर घे, दे, दे. सायटोसिनवर दे, घे, घे. आता दोन मोठे आकार समोरासमोर ठेवून पाहावेत, जोडी फार रुंद होते. दोन लहान ठेवावेत, ते एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. एक मोठा आणि एक लहान घेतला की रुंदी बरोबर बसते. पण त्यातही ॲडेनिनसमोर सायटोसिन ठेवला तर वरच्या ओळीत दे समोर दे येतो आणि बंध जुळत नाही. ग्वानिनसमोर थायमिन ठेवला तर घे समोर घे येतो. ॲडेनिन-थायमिन आणि ग्वानिन-सायटोसिन या दोनच जोड्या बसतात, आणि दोन्ही जोड्यांची रुंदी सारखीच भरते, त्यामुळे बाहेरचा कणा कुठेही फुगत वा आत जात नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ एर्विन चारगाफ यांनी आधीच दाखवून दिले होते की डीएनएमध्ये ॲडेनिन आणि थायमिन यांचे प्रमाण सारखे असते आणि ग्वानिन व सायटोसिन यांचेही. ते का, हे कोडे पुठ्ठ्याच्या या जोड्या टेबलावर पडल्या की आपोआप सुटते. विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या तरी हातून ही जुळणी पहिल्यांदा बसते तेव्हा खोलीत जी शांतता पसरते ती मला फार मोलाची वाटते.

एवढ्यावर थांबू नये. ग्वानिन आणि थायमिनवरच्या वरच्या दोन खुणा खोडून उलट लिहाव्यात, म्हणजे घे-दे ऐवजी दे-घे. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत या दोन बेसचे जे ‘ईनॉल’ रूप छापलेले असे, ते हेच. आता कोणतीच बरोबर जोडी बसत नाही. वॉटसन सुरुवातीला याच आकृत्या घेऊन बसले होते आणि सारख्याला सारखा बेस जोडण्याची एक चुकीची कल्पना त्यांनी मांडलीही होती. त्यांच्याच खोलीत बसणारे अमेरिकन स्फटिकशास्त्रज्ञ जेरी डॉनह्यू यांनी सांगितले की पुस्तकांतली रूपे चुकीची आहेत, खरे रूप ‘किटो’ आहे. खुणा पुन्हा पूर्ववत केल्यावर डॉनह्यू यांच्या त्या एका दुरुस्तीचे महत्त्व हाताला कळते. वॉटसन यांनी हे ऋण पुस्तकात निःसंकोच मान्य केले आहे. शाळेत मात्र हे नाव आपल्याला कोणी सांगत नाही.

एक तपशील जाता जाता: ग्वानिन-सायटोसिनमध्ये आपण तीन बंध पाहिले, पण वॉटसन आणि क्रिक यांनी सुरुवातीला दोनच धरले होते. तिसरा पॉलिंग आणि त्यांचे सहकारी कोरी यांनी १९५६ मध्ये दाखवला.

पाचवी पायरी : मूळ निबंध शेजारी ठेवणे

२५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तो पान-सव्वापानाचा आहे, आंतरजालावर वाचायला मिळतो, आणि आतापर्यंतच्या चार पायऱ्या केलेल्या वाचकाला त्यातली बहुतेक वाक्ये समजतात. आकृती क्रिक यांच्या पत्नी ओडील यांनी काढलेली आहे. निबंधात एक वाक्य आहे ते शोधून काढावे. त्याच अंकात पुढे येणाऱ्या किंग्जच्या निबंधांतील निष्कर्षांचे तपशील रचना सुचली त्या वेळी आपल्याला माहीत नव्हते, आणि ही रचना मुख्यतः, जरी सर्वस्वी नाही तरी, प्रसिद्ध झालेल्या प्रायोगिक माहितीवर आधारलेली आहे, असा त्याचा आशय. शेवटी आभार मानताना विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या सर्वसाधारण स्वरूपाच्या माहितीने आपल्याला चालना मिळाली, असेही म्हटले आहे.

हे वाक्य वाचून मग ३० जानेवारीचे प्रकरण आणि अहवालाचा उल्लेख पुन्हा वाचावा. शोधनिबंधाची भाषा सभ्य आणि नेमकी आहे, आणि तिने जे झाकले ते पंधरा वर्षांनी या उर्मट, उतावळ्या पुस्तकाने उघड केले. मला हे पुस्तक आजही महत्त्वाचे वाटते ते यासाठी. फ्रँकलिन यांच्यावर अन्याय करणारे पुस्तक म्हणून ते बाजूला ठेवावे असे म्हणणाऱ्यांचा संताप मी समजू शकतो, पण फ्रँकलिन यांच्या मोजमापांचा उपयोग कसा झाला हे सर्वसामान्य वाचकाला सर्वप्रथम याच पुस्तकाने सांगितले, हेही विसरून चालणार नाही.

सहावी पायरी : बाकीच्यांच्या साक्षी

एका जबानीवर थांबू नये. क्रिक यांच्या आठवणी १९८८ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि विल्किन्स यांचे आत्मचरित्र २००३ मध्ये. सगळे वाचणे जमले नाही तरी एकच प्रसंग वेगवेगळ्या साक्षीदारांकडे कसा आला आहे हे ताडून पाहावे. उदाहरणार्थ, रचना सापडल्यावर क्रिक ‘ईगल’ या मद्यगृहात जाऊन आपल्याला जीवनाचे रहस्य सापडले असे सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, हे वॉटसन यांनी सांगितले आणि जगभर गेले. क्रिक लिहितात की असे काही केल्याचे आपल्याला आठवत नाही; आठवते ते घरी जाऊन पत्नीला मोठा शोध लागल्यासारखे वाटते असे सांगितल्याचे. त्यांच्या पत्नीने पुढे अनेक वर्षांनी सांगितले की त्यातल्या एका शब्दावरही आपला विश्वास बसला नव्हता. वॉटसन आणि क्रिक दोघेही त्याच प्रयोगशाळेत रोज एकत्र बसत होते आणि दोघेही खरे बोलत असावेत. आठवणीचे असे असते.

फ्रँकलिन यांनी आठवणी लिहिल्या नाहीत, पण त्यांच्या वह्या राहिल्या. बर्कबेकला त्यांच्याबरोबर काम केलेले आणि पुढे १९८२ मध्ये स्वतः नोबेल मिळवलेले ॲरन क्लुग यांनी १९६८ मध्येच, वॉटसन यांचे पुस्तक आल्यावर, त्या वह्यांच्या आधारे एक लेख लिहिला. १९७५ मध्ये फ्रँकलिन यांच्या मैत्रीण ॲन सेयर यांचे पुस्तक आले, तेही सरळ उत्तर म्हणून लिहिलेले आहे. त्यामुळे मैत्रिणीची साक्ष म्हणून तीही त्याच तीन रकान्यांत वाचावी. वह्यांतून आणि टिपणांतून दिसते ते असे. फ्रँकलिन सर्पिलाच्या विरुद्ध होत्या ही ‘द डबल हेलिक्स’ने पसरवलेली समजूत ‘ए’ रूपापुरतीच खरी आहे. ‘ए’ रूपाचा पुरावा त्यांना १९५२ मध्ये सर्पिलाला अनुकूल वाटत नव्हता. परंतु त्या वर्षाच्या सुरुवातीच्या अहवालातच त्यांनी दोन, तीन किंवा चार साखळ्यांचे सर्पिल आणि बाहेरच्या बाजूला फॉस्फेट अशी शक्यता नोंदवून ठेवली होती, आणि १७ मार्च १९५३ या तारखेचा त्यांचा एक कच्चा मसुदा सापडला आहे, त्यात ‘बी’ रूपासाठी दोन साखळ्यांचे सर्पिल आहे. चिठ्ठीवरच्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरे त्यांच्या हाती आलेली होती. राहिला होता तो पुठ्ठ्याचा, बेसच्या जोड्यांचा प्रश्न. हे समजल्यावर वॉटसन आणि क्रिक यांच्या वाट्याचे श्रेय कमी होत नाही. ते नेमके कशाचे आहे हे कळते.

शेवटची पायरी : उपसंहार आणि ७४० वे पान

पहिल्या वाचनात उपसंहार घाईने उरकला जातो, कारण कथा संपलेली असते. आता तो सावकाश वाचावा. पुस्तकातल्या आपल्या सुरुवातीच्या ग्रहांपैकी फ्रँकलिन यांच्याविषयीचे, शास्त्रज्ञ म्हणून आणि व्यक्ती म्हणून, पुष्कळदा चुकीचे होते, असे वॉटसन तिथे मान्य करतात. ‘ए’ आणि ‘बी’ रूपे वेगळी करण्याचे त्यांचे काम एवढे एकच त्यांचे नाव करायला पुरेसे होते असे म्हणतात. आणि बुद्धिमान स्त्रीला विज्ञानाच्या जगात स्वीकारले जाण्यासाठी काय झगडावे लागते हे आपल्याला फार उशिरा कळले असेही लिहितात. हा उपसंहार पुरेसा आहे की नाही यावर आमच्या घरातल्या बैठकीत दरवर्षी वाद होतो. माझे मत असे की मजकूर प्रामाणिक आहे, पण जागा चुकली आहे: २९ प्रकरणे ‘रोझी’ वाचून झाल्यावर दोन-तीन पानांत ती समजूत पुसली जात नाही, आणि लेखकाला हे ठाऊक असायला हवे होते. वाचकाने आपले मत वहीत लिहावे, आणि शक्य तर वर्षभराने पुन्हा वाचून ते तसेच राहते का पाहावे. दुसऱ्या वाचनासाठी २०१२ ची सटीप आवृत्ती मिळाली तर उत्तम, कारण तिच्यात त्या काळची पत्रे आणि छायाचित्रे मजकुराच्या शेजारीच दिलेली आहेत.

मग पुन्हा ‘नेचर’चा तोच अंक घ्यावा. पान ७३७ वर वॉटसन आणि क्रिक, ७३८ वर विल्किन्स, स्टोक्स आणि विल्सन, आणि ७४० वर फ्रँकलिन आणि गॉसलिंग. या क्रमामुळे तिसरा निबंध पहिल्याला दिलेल्या दुजोऱ्यासारखा दिसतो आणि बहुतेक लोक तिथपर्यंत जात नाहीत. आपण जावे. त्या निबंधात ते छायाचित्र छापलेले आहे. मधली फुली पाहावी, तिच्यावरच्या पट्ट्या मोजून पाहाव्यात आणि फुलीच्या वर व खाली दूरवर असलेले ते दोन ठसठशीत काळे पट्टे शोधावेत. एकावर एक रचलेल्या बेसमधले ३.४ अँगस्ट्रॉमचे (अँगस्ट्रॉम हे अणूंच्या मोजमापाचे एकक) अंतर त्यांच्यावरून निघते.